वहीची जागा

सोमवारी सकाळी साहेबांच्या घरी चहाच्या आधीच खटका उडाला.

"अहो, पाण्याला वास येतोय," बायको म्हणाली.

"सगळ्या शहराच्याच पाण्याला येतोय. उकळून घे," पेपरातून डोकं न काढता साहेब म्हणाले.

"आणि सगळ्या शहराला पाणी कोण देतं?"

साहेबांनी पेपरचं पान उलटलं. मंडळी, हे साहेब शहराच्या पाणीपुरवठा खात्याचे प्रमुख होते! आता बोला!

माणूस तसा वाईट नव्हता हो. कचेरीत वेळेवर यायचा, कुणाच्या दोन पैशांना हात लावायचा नाही. पण गुडघे दुखायचे, आणि टाकीला पायऱ्या होत्या एकशे बारा. खात्याचा नियम असा, की दर सोमवारी प्रमुखाने स्वतः टाकीवर चढायचं, झाकण पाहायचं, हवा जायच्या भोकावरची जाळी पाहायची, आत डोकावायचं आणि वहीत सही करायची. ती वही पूर्वी टाकीच्या माथ्यावर, कठड्याला साखळीने बांधलेल्या पत्र्याच्या पेटीत असायची. आधीच्या प्रमुख बाईंनी ती मुद्दाम तिथे ठेवली होती. सहा वर्षांपूर्वी आपले साहेब आले. चार सोमवार धापा टाकत चढले आणि पाचव्या सोमवारी म्हणाले, "वर कागद भिजतात. वही खाली आणा."

झालं! वही खाली आली. टेबलावर चहा यायचा, शेजारी वही यायची. वहीत आधीच छापलेलं असे, 'टाकी वर चढून पाहिली. झाकण ठीक, जाळी ठीक, पाणी स्वच्छ.' त्याखाली साहेब सही ठोकत आणि बिस्किट उचलत.

त्या सोमवारी मात्र वहीच्या आधी हेडक्लार्क धावत आला.

"साहेब, घोटाळा झाला! टाकीखालच्या वस्तीतली बावीस पोरं दवाखान्यात आहेत. उलट्या, जुलाब. डॉक्टर म्हणतायत, पाणीच आहे. वरून फोन आला होता. संध्याकाळपर्यंत दोषी माणसाचं नाव कळवा म्हणाले."

साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला. पुढच्याच महिन्यात त्यांची बढती होती.

"काळजी नको," हेडक्लार्क खालच्या आवाजात म्हणाला. "अहवाल तयार ठेवलाय. वॉलमनचा हलगर्जीपणा. आजपासून निलंबित. तुम्ही फक्त सही करा."

वॉलमन म्हणजे टाकीची झडप उघडबंद करणारा माणूस. सगळे त्याला टाकीकाका म्हणत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर एक लाल शेरा नव्हता. त्याला आत बोलावलं. तो टोपी हातात धरून उभा राहिला.

"जाळी फाटलेली असणार. तुझ्या लक्षात आलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"आलं होतं की साहेब. तीनदा सांगितलं तुम्हाला. एकदा जिन्यात, एकदा गाडीत बसताना, एकदा इथेच."

"लेखी का दिलं नाहीस?"

टाकीकाका गोंधळला. "मला लिहिता कुठे येतं साहेब? बाई होत्या तेव्हा वर त्या यायच्या, मी बोट दाखवायचो, त्या लिहायच्या. तसंच ठरलेलं होतं ना? तुम्ही वर आलाच नाहीत, तर दाखवू कुणाला?" तो एक पाऊल पुढे आला. "साहेब, माझी नोकरी जाऊ दे एक वेळ. पण पोरं माझ्यामुळे आजारी पडली असं लिहू नका. मला त्याच गल्लीतून घरी जायचंय."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात दार उघडलं. त्या आधीच्या प्रमुख बाई होत्या. साठी उलटलेली, हातात काठी.

"माझी नात दवाखान्यात आहे," बसायच्या आधीच त्या म्हणाल्या. "वही कुठे आहे?"

हेडक्लार्कने वही आणून टेबलावर अहवालाशेजारी ठेवली. बाईंनी चष्मा लावला, आधी अहवाल वाचला, मग वहीची पानं चाळली. दर सोमवारी सही. एक सोमवार चुकलेला नाही!

"सही सुरेख आहे हो तुमची," बाई म्हणाल्या. "पण वही इथे कशी?"

"वर कागद भिजायचे..."

"मग प्लॅस्टिकची पिशवी घालायची! वही मी वर ठेवली होती ती काय हवा खायला? अहो, मीही आळशीच होते. मला माहीत होतं, वही खाली असली की मी खालीच सही करणार. म्हणून स्वतःवरच पहारा बसवला होता."

"पण एवढं मोठं खातं, बाई! प्रत्येक गोष्टीला मी एकटा कसा जबाबदार?" साहेब चिडून म्हणाले.

"मोठ्या खुर्चीत बसलात म्हणून. पाणी चांगलं आलं तेव्हा सत्काराचा हार कुणाच्या गळ्यात पडला? टाकीकाकाच्या? हार तुम्ही घ्यायचा आणि ठपका त्याने, ही कुठली रीत? उद्या इथला कुठलाही माणूस तोंड उघडून तुम्हाला काही सांगेल का?"

साहेबांची नजर अहवालावर गेली, मग टोपी चुरगाळणाऱ्या हातांवर गेली. ते एकदम उठले.

"चला काका. वर जाऊ."

सहा वर्षांत पहिल्यांदाच ते त्याला काका म्हणाले होते.

पन्नासाव्या पायरीवर साहेबांचे गुडघे बोंबलायला लागले. टाकीकाकाने न विचारता हात दिला आणि साहेबांनी तो धरला. माथ्यावर पोचल्यावर टाकीकाकाने सवयीने बोट दाखवलं. जाळीला हात जाईल एवढं भोक होतं. आत पिसं तरंगत होती आणि दोन मेलेली कबुतरं.

साहेबांनी तोंडावर हात दाबला. खाली सगळं शहर दिसत होतं. घराघरांच्या गच्चीवर कपडे वाळत होते, शाळेच्या नळाला पोरांनी रांग लावली होती.

"अरे देवा! ती पोरं पाणी पितायत!" साहेब ओरडले. "काका, आधी झडप बंद करा! पळा!" फोनवर त्यांनी शाळेला कळवलं, टँकर मागवले, भोंगा लावून गल्लोगल्ली सांगायला गाड्या पाठवल्या. मग त्यांना कठड्याला लटकलेली ती पत्र्याची पेटी दिसली. गंजलेली, रिकामी. साहेब तिच्या शेजारी मटकन खाली बसले आणि रडले. लाज वाटली म्हणून रडले, आणि ते बरंच झालं.

खाली आल्यावर त्यांनी हेडक्लार्कचा अहवाल टराटरा फाडला आणि दुसरा लिहिला. 'सहा वर्षं मी टाकीवर न चढता सह्या केल्या. वॉलमनने तीनदा सूचना दिली, मी ऐकली नाही. दोषी मी आहे.'

"साहेब, बढतीवर पाणी सोडताय!" हेडक्लार्क कळवळला.

"बावीस पोरांना जे पाणी पाजलं, त्याचं आधी बघू," साहेब म्हणाले आणि थेट दवाखान्यात गेले. तिथे प्रत्येक खाटेपाशी उभं राहून त्यांनी आपली चूक सांगितली. एका आईने त्यांना नको नको ते सुनावलं. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. शेवटी ती थकून म्हणाली, "निदान तोंड दाखवायला आलात."

पाच दिवसांत बावीसही पोरं घरी गेली. साहेबांची बढती गेली, नावावर लाल शेरा आला. टाकीकाकाला कुणी हात लावला नाही.

पुढच्या सोमवारी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून साहेब पुन्हा टाकीखाली आले. तिथे पाटी लावली होती, 'दर सोमवारी सकाळी आठ. नागरिकांनी सोबत वर यावे.' दवाखान्यात तोंड सोडणारी ती आई आली होती. पन्नासाव्या पायरीवर टाकीकाकाने एक स्टूल ठेवलं होतं.

"हे कशाला?" साहेबांनी विचारलं.

"गुडघ्यांना, साहेब. बसा दोन मिनिटं. पण वर यायचंच हं!"

खालून बाईंनी काठी उंचावून विचारलं, "पोचलात का?"

"येतोय बाई, येतोय!" साहेब हसत म्हणाले आणि उठले. वर त्यांनी नवी जाळी हाताने ओढून पाहिली, आत डोकावून पाहिलं, त्या आईलाही दाखवलं, आणि मगच सही केली.

वाचकहो, अधिकार हातात आला की काम दुसऱ्यावर ढकलता येतं, जबाबदारी ढकलता येत नाही. आपण घरात, शाळेत, कचेरीत कुठे ना कुठे प्रमुख असतोच. सोयीसाठी अशी एखादी वही आपणही खाली आणून ठेवली असेल. ती आजच उचला, आणि तिच्या जागी नेऊन ठेवा. गुडघे दुखतील. दुखू द्या!