मिनिटताईंच्या भिंतीवरचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. शाळा मी आतून कधी पाहिलेलीच नाही. वर पांढरा गुळगुळीत पत्रा, मागे प्लायवूड आणि कडेला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, असा माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. अंगावरचा प्लास्टिकचा कागद कोणीतरी सोलला तेव्हा मी एका बस डेपोच्या भिंतीवर होतो, आणि चहाचे पेले हातात घेतलेले ड्रायव्हर माझ्याकडे टक लावून पाहत होते.

कोणती गाडी कधी सुटणार आणि ती कोण नेणार, हे माझ्यावर लिहिलं जाई. लिहिणाऱ्या बाई वेळापत्रकं आखत. एक मिनिट इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नसे, म्हणून सगळे त्यांना मिनिटताई म्हणत. ड्रायव्हरांची आपसांत जुंपली की कोणीतरी म्हणायचं, "अरे, फळ्यावर बघ ना!" आणि भांडण तिथेच मिटायचं. मला तेव्हा केवढा अभिमान वाटे!

मग डेपोत टीव्हीसारखा मोठा पडदा आला. गाड्यांच्या वेळा त्यावर आपोआप उमटू लागल्या. माझी रवानगी जिन्याखाली, झिजलेल्या टायरांमागे झाली. तिथे मला एकच गोष्ट छळायची. सकाळची पहिली गाडी आता कोण नेत असेल?

एके दिवशी मिनिटताईंनीच मला बाहेर ओढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि टेम्पोत घालून घरी नेलं. त्यांच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. ते खिळा ठोकता ठोकता म्हणाले, "अगं, डेपो घरी आणलास की काय?"

"परीक्षा द्यायचीय. पदव्युत्तर प्रवेशाची. शहरातली वाहतूक कशी आखतात, ते नीट शिकायचंय मला."

"आत्ता? या वयात?"

"तिथे वय विचारत नाहीत, गुण विचारतात."

ते हसले, पण खिळा त्यांनी पक्का ठोकला. पुढे ऐकलं त्यावरून कळलं की शिकायला जाणाऱ्यांना ऑफिस भरपगारी रजा देत होतं, आणि ती सवलत याच वर्षी बंद होणार होती. म्हणजे यंदा प्रवेश मिळाला तर मिळाला.

मिनिटताईंनी मोठ्या उत्साहाने माझ्यावर आठवडा आखला. पहाटे गणित, कामावर जाताना शब्दार्थ, आल्या आल्या उतारे, जेवणानंतर निबंध. कुठे बोटभर जागा सुटली नाही. नवऱ्याने चष्मा वर सरकवून सगळं वाचलं आणि विचारलं, "छान आहे. यात आंघोळ कधी करायची?"

आठवड्याच्या मध्यावरच सगळं कोसळलं. एका दिवशी डेपोत उशीर झाला, त्या दिवसाचा अभ्यास दुसऱ्या दिवशी ढकलला, दुसऱ्याचा तिसऱ्या. मिनिटताई माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "गाड्यांच्या दोन फेऱ्यांमध्ये मी कधी वेळ सोडल्याशिवाय राहते का? एक गाडी अडकली की मागच्या सगळ्या रखडतात. आणि स्वतःचं आखताना अक्कल कुठे गेली माझी!"

त्यांनी मला स्वच्छ पुसलं, पण लगेच नवं काही लिहिलं नाही. आधी घड्याळ लावून एक सराव परीक्षा दिली. मला कुतूहल होतं, आता काय निघणार? निघालं ते भलतंच. भाषा कच्ची असेल असं त्यांना वाटत होतं, पण ती बरी निघाली. गणित मात्र अर्धवट राहिलं. येत नव्हतं म्हणून नव्हे. एका गणितात त्या इतका वेळ अडकून पडल्या की पुढच्यांना हातच लागला नाही. मिनिटताईंना मिनिटं पुरली नाहीत!

मग नवा आराखडा झाला. परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत त्यांनी तो आखला. शेवटी नुसती उजळणी, त्याआधी पूर्ण सराव परीक्षा, त्याआधी एकेक विषय. गणित रोज, पण थोडं. रविवार मोकळा, राहिलेलं भरून काढायला. आणि उजवीकडे एक रकाना, चुकांचा.

गाडी रुळावर येते आहे असं वाटत होतं, तोच मिनिटताईंच्या आई बाथरूममध्ये घसरून पडल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन त्या लेकीकडे राहायला आल्या. औषधं, डॉक्टर, वेणीफणी, सगळं मिनिटताईंवर आलं. माझ्यावरची शाई वाळून फिकी होत गेली. एका संध्याकाळी त्यांनी डस्टर उचलला.

"पुसतेस कशाला?" आईंनी विचारलं.

"राहू दे यंदा. नाही जमत."

"माझ्यामुळे?"

मिनिटताईंनी मला पुसून कोरं केलं. जिन्याखालचा अंधारसुद्धा मला इतका जड वाटला नव्हता.

मग आई म्हणाल्या, "हे बघ, हात माझा मोडलाय, डोकं तुझं शाबूत आहे. आण ते पुस्तक. मी वाचते, तू उत्तरं दे. भाजी चिरताना कान तर रिकामेच असतात ना?"

अशी ती गाडी पुन्हा सुरू झाली. आराखडा लहान झाला, पण रोज पाळला गेला. आईंना सगळ्याचीच उत्सुकता. "या रकान्यात काय लिहितेस गं?"

"माझ्या चुका."

"भिंतीवर? अगं, पाहुणे येतात घरात!"

मिनिटताई गणितात अडकल्या की आई डाव्या हाताने टेबलावर टकटक करत. "सोड. पुढचं घे. नंतर ये परत." उतारे वाचताना मात्र त्या स्वतःच अडकत. देवमाशांवरचा उतारा मध्येच संपला तेव्हा त्या चिडल्याच. "हे काय! त्या पिल्लाचं पुढे झालं काय?"

"आई, उत्तर सांगायचंय, गोष्ट नाही."

"तुला नसेल ऐकायची. मला ऐकायचीय."

परीक्षेहून मिनिटताई परतल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "एक गणित सुटेना. सोडलं! आणि परत आल्यावर सुटलं!" निकाल लागला. गुण डोळे दिपवणारे नव्हते, पण प्रवेशाला पुरले. रजाही मंजूर झाली. त्या दिवशी नवऱ्याने दुकान लवकर बंद केलं आणि आईंनी प्लास्टर काढलेल्या हाताने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. बोटं अजून नीट मिटत नव्हती.

मिनिटताई आता दूरच्या गावी शिकतात. मला वाटलं, झालं, पुन्हा टायरांमागे जायची वेळ आली. पण आई इथेच राहिल्या, आणि डॉक्टरांनी त्यांना बोटांचा व्यायाम सांगितला होता. आईंनी माझं पेन उचललं. वेडंवाकडं, थरथरतं अक्षर. त्या वाचनालयातून पुस्तकं आणतात, अडलेला प्रश्न माझ्यावर लिहितात, आणि जावई घरी आले की आधी उत्तर मागतात, मग चहा देतात.

मित्रांनो, माझे कोपरे गंजले आहेत, एका जागची शाई कायमची बसली आहे. तरी मी कामाचा आहे. तुमच्या घरी असा कोणी जिन्याखाली पडला असेल, तर त्याला बाहेर काढा, मऊ फडक्याने पुसा, आणि पेनाचं टोपण लावायला विसरू नका. आज आईंनी लिहिलंय, 'पाण्याखाली आवाज लवकर पोचतो की उशिरा?' जावई अजून आलेले नाहीत, आणि मला राहवत नाही. तुम्हाला ठाऊक असेल, तर या ना सांगायला.