हुकूमशहाला साडेतीन स्टार

माझ्या नवऱ्याचा फोटो पेपरात पहिल्यांदा छापून आला आणि त्याखाली लिहिलं होतं, 'घरगुती हुकूमशहा'.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि समोर बघितलं. हुकूमशहा बनियनवर बसून पावाचा चुरा टेबलावरून तळहातावर गोळा करत होते, कारण मी नुकतंच पुसलं होतं.

हे बस डेपोत कंट्रोलर होते. दिवसभर लाउडस्पीकरवरून कुठली गाडी कुठे लागणार ते ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. आणि घरात पाऊल टाकलं की कुजबुजायला लागायचे. कारण मी. मला अर्धशिशी आहे. मी शाळेत गणित शिकवायचे. शाळा सुटेपर्यंत दात आवळून उभी राहायचे आणि घरी आले की आडवी. उजेड नको, आवाज नको, कसला वास नको. मग हे घरभर फिरून पडदे ओढायचे, दिवे घालवायचे, फोनचा रिसीव्हर काढून ठेवायचे, खडखडणाऱ्या दाराखाली कागदाची घडी सारायचे. वर्षानुवर्षं असं चाललं, पण ह्यांनी हूं की चूं केलं नाही. अशा माणसाला हुकूमशहा म्हणायचं म्हणजे कमालच झाली.

झालं असं, की आमच्या लेकीनं जाहिरात कंपनीतली नोकरी सोडली आणि सिनेमा काढला. मित्रमैत्रिणी गोळा केल्या, कॅमेरा उसना आणला आणि आमच्याच घरात महिनाभर ठाण मांडलं. घरातल्या बापाचं काम तिनं ह्यांनाच दिलं. म्हणाली, "बाबा, अभिनय अजिबात करायचा नाही. तुम्ही जे करायचात तेच करा." ह्यांनी केलं. कॅमेरा पॅसेजच्या टोकाला खांबासारखा उभा, आणि हे आपले एकेक दिवा घालवत चाललेत. मध्ये कापाकापी नाही. शेवटी उजेड उरतो फक्त बाथरूमचा आणि त्या उंबऱ्यावर एक लहान मुलगी चित्रकलेची वही मांडीवर घेऊन बसलेली असते.

बायकोचं काम नाटकातल्या एका जुन्या नटीनं केलं. सबंध सिनेमात तिची फक्त पाठ दिसते. बिचारी कुरकुरत होती, "एवढी वर्षं स्टेजवर तोंड दाखवलं, आता हिला पाठ हवी." कसं झोपायचं ते मीच शिकवलं तिला. तोंड भिंतीकडे, गुडघे पोटाशी, उशी कानावर. एकदा ती दाराकडे वळली तेव्हा शूटिंग थांबवून मी ओरडले होते, की असं कोण झोपतं? लेक माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं, आईच्या नजरेचं कौतुक वाटतंय.

सिनेमा एका महोत्सवात लागला आणि समीक्षकांनी डोक्यावर घेतला. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, पण पाठ न वाचता इतक्या आत्मविश्वासानं लिहिलेली उत्तरं पाहिली नव्हती. एका दाढीवाल्यानं लिहिलं, दिवा घालवण्याची ती सावकाश कृती म्हणजे अलीकडच्या समांतर सिनेमातला सर्वांत हिंसक क्षण आहे. एका बाईंनी लिहिलं, फोनचा रिसीव्हर काढून हा पुरुष स्त्रीचा जगाशी असलेला शेवटचा दुवा तोडतो. अहो बाई, फोन वाजला की मला उलटी व्हायची. तिसऱ्यानं दाराखालच्या घडीवर अख्खा परिच्छेद खर्ची घातला आणि साडेतीन स्टार दिले. राहिलेला दीड कशापायी कापला, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी अर्धा मार्क कापला तरी समासात कारण लिहायचे.

त्याच पानावर आणखी दोन सिनेमांची परीक्षणं होती. एकात म्हणे मेंढ्या नुसत्या चरत असतात, ते काळावरचं भाष्य होतं. दुसऱ्यात एक म्हातारा जिना चढतो, ते वर्गव्यवस्थेवरचं होतं. ह्या मंडळींसमोर कुणी ग्लासभर पाणी प्यायलं तर त्यांना तहान दिसणार नाही, बाकी सगळं दिसेल.

मी हसून सोडून दिलं असतं. पण डेपोतले ह्यांचे जुने सोबती संध्याकाळी बागेत भेटतात, तिथे सुरू झालं. "या हुकूमशहा, बसायची परवानगी आहे का?" पहिल्या दिवशी हे हसत घरी आले. चौथ्या दिवशी म्हणाले, "आज गुडघा दुखतोय." ह्यांचा गुडघा आयुष्यात कधी दुखला नव्हता. मग रोजच दुखायला लागला. बागेत जाणं बंद झालं. शेजारची सून, जिच्या बाळंतपणात हे डबे पोचवत होते, ती मला लिफ्टमध्ये हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही किती सोसलंत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लेकीला फोन लावला. "तू एक निवेदन काढ. बाबा असे नाहीत म्हणून."

"आई, सिनेमा बनवून झाला की तो माझा राहत नाही. बघणाऱ्याला जे दिसेल ते खरं."

"मग बघणाऱ्याला म्हणावं, स्वतःचा बाप घेऊन बघ. आमचा कशाला?"

ती गप्प राहिली. हल्ली ही पोरगी गप्प राहिली की मला समजतच नाही, चिडली आहे की विचार करते आहे. मग म्हणाली, "रविवारी सकाळी शो आहे. नंतर समीक्षकांशी चर्चा आहे. तुला काय बोलायचंय ते तिथे बोल."

"येतेच," मी म्हटलं.

ह्यांना सांगितलं तर एकदम म्हणाले, "तू जाऊ नकोस."

"का?"

"परतताना ऊन असेल. डोकं चढेल."

"डोकं चढलेलंच आहे," मी म्हटलं. "तुम्ही भिडस्त, लेक अतिशहाणी. कुणीतरी बोलायला नको का?" त्यांनी आणखी दोनदा समजावून पाहिलं. एरवी कशाला नाही न म्हणणारा माणूस हट्टाला पेटलेला बघून मला वाटलं, लाज वाटतेय बिचाऱ्याला. मी आणखीच ठाम झाले. शेवटी त्यांनीच गाडी काढली.

सभागृह भरलं होतं. सिनेमा संपल्यावर स्टेजवर चार खुर्च्या मांडल्या. दाढीवाले, दुवा तोडणाऱ्या बाई, साडेतीन स्टारवाले आणि चौथी आमची लेक. तिघेही समीक्षक आळीपाळीनं बोलले. सिनेमातल्या अवकाशाबद्दल बोलले, मौनाच्या राजकारणाबद्दल बोलले. जिचा बाप तिसऱ्या रांगेत बसला आहे, तिला मात्र कुणी काही विचारलं नाही. हे मान खाली घालून चष्मा पुसत होते.

प्रश्नांची वेळ आली तशी मी हात वर केला. माइक हातात आला.

"पलंगावरची ती पाठ माझी आहे," मी म्हटलं. "म्हणजे सिनेमात दुसरीची आहे, पण खरी माझी. मला अर्धशिशी आहे. हे दिवे घालवायचे ते माझ्यासाठी. फोन माझ्यासाठी काढून ठेवायचे. तुम्ही ज्यांना हुकूमशहा म्हणता, ते मला औषध देऊन, भात टाकून, मुलीला जेवू घालून मग स्वतः जेवायचे. लिहिण्याआधी विचारायचं तरी होतंत."

सभागृहात शांतता पसरली. मला वाटलं, चला, पोचलं एकदाचं. तेवढ्यात दाढीवाले पुढे झुकले आणि अतिशय प्रेमानं म्हणाले, "ताई, धन्यवाद. दिग्दर्शिकेला नेमकं हेच दाखवायचं आहे. सोसणाऱ्यालाच सोसणं प्रेमासारखं दिसू लागतं."

टाळ्या पडल्या. मला टाळ्या पडल्या. तो माइक फेकून मारावा की आपलंच डोकं भिंतीवर आपटावं, तेवढंच ठरवायचं बाकी होतं. मी सरळ लेकीकडे बघितलं. "तू सांग. बाबांनी कधी आवाज चढवला?"

लेक उठून उभी राहिली. "नाही," ती म्हणाली. "आई खरं सांगते आहे. बाबांनी कधीच नाही. माझा बाप हुकूमशहा नाही."

मला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. तेवढ्यात त्या दुवा तोडणाऱ्या बाईंनी विचारलं, "मग ती मुलगी कुणाला घाबरते आहे?"

लेकीनं घड्याळाकडे बघितलं आणि ती म्हणाली, "आपली वेळ संपली वाटतं."

गाडीत लेक मागच्या सीटवर होती, मी मागे वळूनच बसले. जिंकल्यासारखं वाटत होतं, पण त्या बाईंचा प्रश्न दाताच्या फटीत काहीतरी अडकावं तसा अडकला होता. "काय गं," मी विचारलं, "ती मुलगी घाबरलेली असते? मला तर चित्र काढताना दिसली."

"सोड ना, आई."

"अगं, कुणाला घाबरते?"

"राहू दे तो विषय," हे म्हणाले. त्यांची नजर समोर रस्त्यावर होती.

"का राहू दे? सगळ्या गावानं तुमच्याबद्दल बोलायचं आणि मी विषय राहू देऊ?"

लेक खिडकीबाहेर बघत होती. मग हळू आवाजात, आमच्या घरच्या त्या जुन्या आवाजात, बोलायला लागली. "तुला, आई. तू शाळेतून येण्याची वेळ झाली की मी दाराला कान लावून उभी राहायचे. मी जिन्यातल्या तुझ्या पावलांवरून ओळखायचे, आज काय आहे ते. हळू पावलं आली की मी आधीच चपला काढून बाथरूममध्ये जायचे. मैत्रिणी घरी आणल्या नाहीत. गाणं म्हटलं नाही. शाळेतल्या मुलांना तू दिवसभर मिळायचीस, मला पाठ मिळायची."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. "मी मुद्दाम करत होते का?" मी म्हटलं.

"नाही. ते मला आता कळतं. आठ वर्षांची असताना कळत नव्हतं. सिनेमा तेव्हाचा आहे." तिनं खिडकीबाहेरची नजर माझ्याकडे वळवली. "तुला कळलं तर तू मोडशील म्हणून मी बोलत नव्हते. आणि सगळ्यांनी बाबांना धरलं, ते मला निस्तरता येईना."

सिग्नलला गाडी थांबली. मी ह्यांच्याकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिनं सिनेमाची गोष्ट सांगितली तेव्हाच समजलं," हे म्हणाले.

"तरी काम केलंत? आणि हे सगळे तुम्हाला इतकी नावं ठेवत होते, तुम्ही बागेत जायचं सोडलंत, तरी गप्प बसलात?"

"ठेवू देत की नावं," ते म्हणाले. "चुकीच्या माणसाला ठेवत होते तोवर बरं होतं."

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल सुटल्याचं आम्हाला कळलं. पुढचा चौक आला. मग मी लेकीला विचारलं, "उद्या शो किती वाजता आहे?"

"दोनला. पण आई, पुन्हा भांडायला येणार असशील तर…"

"भांडायला नाही," मी म्हटलं. "तीनदा बघितला मी तो सिनेमा. तिन्ही वेळा ह्यांच्याकडे नाहीतर त्या पाठीकडेच बघत होते. त्या मुलीकडे बघायचंच राहिलं."