डाव्या कोपऱ्यातलं बटण

सगळं जग आता बोटानेच चालणार, असं तुम्ही संगणकाची सिस्टीम बनवणाऱ्यांनी गार खोल्यांत बसून ठरवलंत. धानोऱ्याच्या गिरधरला विचारलंत? त्याच्या संगणकावरचं बटण तुम्ही चोरलंत. चोरीच ती.

गिरधर लग्नपत्रिका छापतो. जुना सीपीयू जळाला म्हणून त्याने नंदुरबारहून नवा आणला. मॉनिटर आणि माऊस जुनेच ठेवले, चांगले चालत होते. नव्यात सिस्टीमही नवी. सुरू केलं तर पडदाभर रंगीत फरशा. हात सवयीने डाव्या खालच्या कोपऱ्याकडे गेला. तिथलं स्टार्टचं बटणच नाही.

नेमक्या त्या सकाळी हुलासबाई येऊन बसलेल्या. नात प्रियलचं लग्न. पहिली पत्रिका दुपारच्या आत गणपतीपुढे ठेवायची, मग गावाला.

"काय व्हयनं गिरधरभाऊ?"

"काकी, हाई मशीन रुसी गयं."

हुलासबाईंना मोबाईलवर नातवंडांचे फोटो सरकवायची सवय. त्या उठल्या आणि हळदीच्या बोटाने पडद्यावरची फरशी दाबली. मग जोरात दाबली. फरशी हलली नाही, पिवळा ठसा तेवढा उमटला.

"हाऊ ते मरेल शे!"

"मरेल नही काकी. याले बोट समजत नही."

"मंग बोट लावानी जागा कसाले दखाडस तो?"

गिरधरने पत्रिकेचं चित्र उघडलं, तर ते अख्खा पडदा व्यापून बसलं. बंद करायची फुली कुठेच नाही. माऊस कोपऱ्यात नेला की बाजूने एक काळी पट्टी डोकावायची, तिच्याकडे वळलं की पळायची. त्याने घड्याळाकडे पाहिलं. हुलासबाई आता उठतील, पत्रिका छापायला नंदुरबारची गाडी धरतील, आणि गाव म्हणेल, गिरधरले आते जमत नही.

ऊन उंबऱ्यावर आलं. त्याने माऊस बाजूला सारला, गणपती छापलेलं एक कोरं कार्ड काढलं आणि सगळा मजकूर पेनाने लिहिला, सावकाश, एकही खाडाखोड न करता.

हुलासबाईंनी कार्ड लांब धरून वाचलं. "गणपतीले चाली जाई. पण प्रियलना सासरले छापेलच जोयजे, नहीतं मन्ही सून तोंड फुगाडी."

"सांजलोंग करी देसू काकी."

त्या गेल्या. दुपारभर गिरधरने कीबोर्डवरची एकेक कळ दाबून पाहिली. कोणती कळ कुठून बाहेर काढते, हे त्याचं त्यालाच शोधावं लागलं. कुणी सांगायला आलं नाही. दिवे लागले तेव्हा पत्रिकांचा गठ्ठा बांधून तयार होता.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उगवली. नवं रूप कसं वाटलं, म्हणे. खाली पाच चांदण्या आणि लिहायला जागा.

गिरधरने चांदण्यांना हात लावला नाही. त्याने टाईप केलं: "माझ्या टेबलावर माऊस आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? नव्हतं, तर दुसऱ्याच्या कामात हात कशाला घातलात? होतं, तर माझा हात का तोडलात? मी धानोऱ्यालाच असतो. उत्तर द्या."