आपल्याच टीमविरुद्ध पाच डॉलर

आमच्या बेसबॉल टीमची मला किळस आलीय, हे आधीच सांगून टाकतो. नाव आयर्न किंग्ज, आणि खेळ कथलाचा. सोपे झेल सोडतात आणि वर दात काढतात. मालक तर निर्लज्जम् सदासुखी. चेंडू टाकणारे चांगले पिचर विकून खाल्ले, आणि आता अख्खी टीमच उचलून दुसऱ्या शहरात न्यायला निघालाय.

पण ही टीम म्हणजे ऑगीचा जीव. ऑगी माझा लहानपणापासूनचा दोस्त. स्टेडियममध्ये लोकांना त्यांच्या खुर्च्या दाखवण्यात त्याचा जन्म गेला. आता गुडघे गेलेत, म्हणून रोझेलाच्या बारमध्ये टीव्हीसमोर बसतो. यंदा घरच्या मैदानावर टीमनं एकही मॅच जिंकली नव्हती. ती जाण्याआधी एकदा तरी जिंकलेलं बघायला मिळावं, एवढंच त्याचं मागणं.

उपायही त्यानंच काढला. माझं नशीब फुटकं, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक. चर्चची सोडत असो की घोड्यांची शर्यत, मी ज्यावर पैसे लावले ते आपटलंच म्हणून समजा.

"एमिल, दर मॅचला पाच डॉलर आपल्या विरुद्ध लाव," ऑगी म्हणाला. "तू हरलास की आपण जिंकलो."

लावले. आणि काय सांगू, टीम माझ्या फुटक्या नशिबालाही पुरून उरली. ती हरत राहिली, आणि मी जन्मात पहिल्यांदा जिंकत राहिलो. ते बघून बारमधले बाकीचेही फोन काढून पाच-पाच डॉलर लावायला लागले. जिंकलेले पैसे एकत्र करायचे आणि बियर नि तळलेले कोंबडीचे पंख मागवायचे, अशी रीतच पडली. आपला गडी बाद झाला की टाळ्या पडायच्या. मला शिसारी यायची, पण पंख झकास असायचे. ऑगीनं मात्र त्या परातीला कधी हात लावला नाही. आपली कॉफी घेऊन तो कोपऱ्यात बसायचा.

घरच्या मैदानावरची शेवटची मॅच आली. शेवटची इनिंग, आपण एका रननं मागे, दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ खलास, आणि आपले दोघं धावायला बेसवर. ऑगीनं टोपी काढली, आतली बाजू बाहेर केली, शिवणी दिसतील अशी डोक्यावर घातली. हरत आलेल्या मॅचमध्ये अशी टोपी घातली की नशीब फिरतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एरवी सगळा बार टोप्या उलटायचा. त्या दिवशी कुणी हलला नाही. माझा हात टोपीकडे गेला होता, खोटं नाही सांगत. तेवढ्यात रोझेलानं परात आणून ठेवली, आम्ही हरणारच म्हणून आधीच तळून. हात तिकडे वळला.

आणि बॅट घेऊन उभ्या असलेल्या आपल्या पोरानं चेंडू असा हाणला की तो थेट भिंतीला जाऊन लागला. बेसवरचे दोघेही धावत होम प्लेटवर पोचले, दोन रन. जिंकलो!

ऑगी फुटक्या गुडघ्यांवर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं हात पसरले आणि आमच्याकडे वळला. कुणीतरी फोनकडे बघत तोंडातल्या तोंडात शिवी हासडली. मग कोपऱ्यातून एकानं विचारलं, "म्हणजे आज बियर नाही?"

थू आमच्या जिंदगानीवर. मी उठून त्याला मिठी मारायला हवी होती. पण हातात पंख, तोंडात घास, आणि चेहरा पडलेला. तो पडलाय हे मला ऑगीच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं माझ्या डोक्यावरच्या सरळ टोपीकडे पाहिलं. पसरलेले हात हळूच खाली घेतले. मग खिशातून पाचची नोट काढली आणि माझ्या ताटलीशेजारी ठेवली.

"घे, तुझे गेलेले," तो म्हणाला. "आता तरी हस, लेका."