नायलॉनची सवत

लोकांच्या सवती नटतात, मुरडतात. माझी सवत निळ्या नायलॉनची आहे आणि तिला आमच्या सुनेनंच घरात आणलं.

आमचे हे वेताच्या खुर्च्या विणतात. डोळे गेले, बोटं शाबूत आहेत. पलंगापासून मागच्या कामाच्या खोलीपर्यंत मात्र यांचा हात माझ्या खांद्यावर. रोज मी कुरकुरायची आणि हे म्हणायचे, "हळू गं, वरातीत निघालीस का?"

सुनेला ते बघवेना. भिंतीत खिळे ठोकून तिनं दोरी ताणली. उंबऱ्यापाशी एक गाठ, पायरीपाशी दोन. म्हणाली, "आई, बाबांनी तुमच्यावर अवलंबून कशाला राहायचं?"

"अवलंबून म्हणजे नेमकं काय गं?" मला शाळेनं चौथीतच सोडलं.

नात पुस्तकातून डोकं न काढता बोलली, "लंब म्हणजे लटकणं, आजी. लोंबणंही त्यातलंच. अवलंबून म्हणजे कुणाला तरी धरून लोंबकळणं. इंग्रजी 'डिपेंड'चंही मूळ तेच, लटकणं."

"मग लोंबू दे की! खांदा माझा, तुझ्या आईच्या का पोटात दुखतंय?"

हे मात्र खूश. दोरी चाचपत एकटेच जायचे, वर गुणगुणायचे. माझ्या खांद्यावर हात ठेवून कधी गुणगुणले नाहीत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

परवा भर दुपारी मी दोरी सोडली आणि बादलीत बुडवली. हे झोपून उठले. हात भिंतीवर फिरला. मी खांदा पुढे करून उभी.

"सूनबाई, दोरी कुठाय?"

सूनबाई म्हणे! ती तर कामावर गेलेली.

"मळली होती, धुतेय," मी म्हटलं. "खांदा धुतलेला आहे, चालेल का?"

हसले, हात ठेवला. चार पावलांवर म्हणाले, "तू ओढतेस गं. दोरी ओढत नाही."

"दोरी बोलते का तुमच्याशी?"

"तेही नाही." मग उंबऱ्यात थांबले. "पण एकटा पोचलो ना, की वाटतं, अजून आहे मी."

 मी ओढायचं थांबवलं आणि पुढचं पाऊल यांनाच टाकू दिलं.

संध्याकाळी सून ओली दोरी घेऊन दारात उभी. "आई, बांधू?"

"बांध. जाताना तुझी दोरी. परत येताना माझा खांदा. तेव्हा कुणी दोरीला हात लावलेला दिसला, तर वेत कापायची कात्री कुठे असते ते मला ठाऊक आहे."

मागच्या खोलीतून यांचा आवाज आला, "ऐकलं बरं का!"

"ऐकवायलाच बोलले. चला, उठा आता, परत यायची वेळ झाली."