सहा सिलिंडर, सात ठिपके

स्टँडवर इंजिन होतं. सिलिंडर सहा, इंजेक्टर सहा, व्हॉल्व्ह बारा. हेडचे नट सव्वीस, त्यांतले दोन नवे आणि बाकीच्यांपेक्षा किंचित उंच. एक्झॉस्टच्या बाजूला एक तुटका स्टड. स्टँडखाली घमेल्यात त्यातून काढलेलं जुनं तेल, काठापासून चार बोटं खाली. आणि ब्लॉकच्या डाव्या कुशीवर, कित्येक वर्षांच्या तेलकट मळात, नाण्याएवढे गोल, स्वच्छ ठिपके: सात.

मी पुन्हा मोजले. पहिल्या तीन सिलिंडरांपाशी एकेक, चौथ्यापाशी एकमेकांवर अर्धे चढलेले दोन, मग पाचव्यापाशी आणि सहाव्यापाशी एकेक.

"काय मोजतेस?" बाबांनी गॅरेजच्या दारातून विचारलं. ते आत येत नव्हते आणि बाहेरही जात नव्हते. सकाळपासून हेच चाललं होतं. पाना उचलायचा, पुसायचा, परत होता तिथेच ठेवायचा.

"काही नाही," मी म्हटलं.

ठिपके त्यांच्या दांडक्याचे होते. हातभर लांबीचं, गुळगुळीत झालेलं लाकूड. एक टोक चालू इंजिनाच्या ब्लॉकला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं. आवाज लाकडातून दातांत, दातांतून जबड्याच्या हाडात आणि तिथून थेट कानाच्या आतल्या भागात जातो. त्यामुळे आसपास कितीही गोंगाट असला तरी फक्त इंजिन ऐकू येतं. हे मी भौतिकशास्त्रात शिकले. बाबांना ते माझ्या जन्माआधीपासून येतं. आमच्या गल्लीतल्या गॅरेजांमध्ये त्यांना नावाने कुणी ओळखतच नाही. "कानांना दाखवलं का?" असं विचारतात. जुनी गाडी घ्यायची म्हटलं की कान येणार, दांडकं टेकवणार, आणि ते हो म्हणाले की मगच सौदा.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी ऐकायचं, मग हात घालायचा: तेलाची पट्टी ओढून बघायची, झाकण उघडून आत बोट फिरवायचं. आणि ते ऐकत असताना कुणी हूं की चूं करायचं नाही.

हे इंजिन मात्र दुसऱ्या कुणासाठी नव्हतं. गॅरेजच्या मागे एक लांब नाकाचा ट्रक उभा आहे. बाबा त्याच्यावर गाडी शिकले. त्याचा ब्लॉक फुटला तेव्हापासून तो तिथेच आहे आणि बाबा त्याच्याच जातीचं इंजिन शोधत आहेत. ते बनणं माझ्या जन्माआधी बंद झालं. आई त्या ट्रकला "माझी सवत" म्हणते. "हिला एकदा चालती करा," ती म्हणते, "म्हणजे कुठेतरी निघून तरी जाईल."

परवा आम्ही तिघं हे इंजिन बघायला गेलो होतो, बाबा, मामा आणि मी. विकणारा डोळ्यांवर कधीच न ठेवता कपाळावर गॉगल चढवून फिरतो, म्हणून मामाने गाडीतून उतरताच त्याचं नाव गॉगल ठेवलं. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं.

"तुमच्यासाठी गरम करून ठेवलंय," गॉगल म्हणाला. "तुमच्यासारख्या माणसाला थंड माल दाखवायचा म्हणजे काय!"

बाबा इंजिनाकडे बघत होते. मी त्यांना कधी कुठल्या वस्तूकडे असं बघताना पाहिलं नव्हतं. दांडकं घेऊन ते वाकले आणि आम्ही सगळे गप्प झालो. माझ्या पिशवीत मीच बनवलेला, ब्लॉकला चिकटवता येणारा छोटा मायक्रोफोन होता. तो पिशवीतच राहिला. बाबांच्या दातांत दांडकं असताना दुसरं काही बाहेर काढायचं नसतं.

ते सरळ झाले, दांडकं काखेत मारलं आणि म्हणाले, "उचला."

"दाजी, पट्टी?" मामाने विचारलं.

"उचला म्हटलं ना."

मामा नंतर मला हळूच म्हणाला, "बघितलंस? हात पुसले नाहीत त्यांनी. पुसायला काही लागलंच नव्हतं."

काल मामाने जुनं तेल काढून नवं भरलं. आमच्याकडे बाहेरचं इंजिन आलं की हे पहिलं काम. बूच काढून तोही आमच्याबरोबर जेवायला आला, त्यामुळे ते कसं वाहिलं हे कुणी पाहिलं नाही. मग इंजिन सुरू केलं. धुराचा पाइप खिडकीतून बाहेर काढला होता. बाबा उभे होते, हात पाठीमागे. सुरुवातीला सगळं छान. गरम होत गेलं तसा तेलाच्या दाबाचा काटा खाली यायला लागला आणि आतून ठक ठक सुरू झाली. दांडक्याची गरजच नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने आत डोकावून पाहिलं.

मामाने इंजिन बंद केलं. "चौथ्याचं बेअरिंग," तो म्हणाला. "गेलंय. कामातून गेलंय."

तेव्हा मी घमेल्याकडे गेले. तेलात काठी बुडवून उचलली. काठीवरून ते मधासारखं ओघळलं आणि तुटता तुटेना. गिअरबॉक्सचं तेल. इंजिनात ते कुणी घालत नाही. घातलंच तर झिजलेल्या बेअरिंगच्या फटीत ते जाड गादीसारखं बसतं आणि ठोका दबतो.

"फसवलं," मामा म्हणाला. "सरळ सरळ टोपी घातली आपल्याला."

त्याने तिथल्या तिथे गॉगलला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. मला वाटलं होतं गॉगल हात वर करेल. तो तर साखर झाला.

"परत घेतो ना मालक! उद्या संध्याकाळी टेम्पो पाठवतो. कशाला वाद? पण एक सांगू का, कानांनी स्वतः ऐकून घेतलंय. अख्खी गल्ली त्यांच्या कानावर गाड्या घेते. त्यांनाच ऐकू आलं नाही तर मी कोण? आता वय होतंच की प्रत्येकाचं. माझ्या वडिलांनाही हल्ली दोनदा सांगावं लागतं."

मामाने फोन कापला आणि एक शिवी दिली. बाबा मागे जाऊन ट्रकपाशी उभे राहिले.

आज सकाळपासून ते एका जागी बसलेले नाहीत. आईने हाक मारली तर दुसऱ्याच खोलीत जायचे. नळ गळतोय का बघायचे. भिंतीवरच्या घड्याळाखाली उभं राहून मान तिरकी करायचे.

"घड्याळ बंद नाहीये," आई म्हणाली. "तुम्ही त्याच्याखाली तिसऱ्यांदा उभे आहात. माझा जीव टांगणीला लागतो अशाने."

"तुला ऐकू येतंय का?"

"मला तर तुमच्या पोटातली गुरगुरसुद्धा येतेय. दोन घास खा."

दुपारी शेजारच्या गॅरेजवाल्याने माणूस पाठवला, एक गाडी ऐकायला या म्हणून. बाबांनी दांडकं उचललं, दारापर्यंत गेले आणि परत येऊन ते खिळ्याला लावलं. "सांग, बरं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मला कळायला पाहिजे."

"काय?"

"जाड तेलात तो आवाज दबला होता की मला आला नाही. दबला असेल तर त्याने फसवलं. आला नसेल तर..." त्यांनी खिळ्यावरच्या दांडक्याकडे पाहिलं. "तर मग मी लोकांना फसवतोय. लोक माझ्या शब्दावर गाड्या घेतात. टेम्पो आला की इंजिन जाईल आणि हे मला कधीच कळणार नाही."

"मोजता येईल," मी म्हटलं.

मी सांगितलं ते असं. घमेल्यातलं तेल गाळून परत भरायचं. परवा होतं तेवढं इंजिन गरम करायचं आणि त्याच वेगाने चालवायचं. मायक्रोफोन त्यांच्याच ठिपक्यांवर चिकटवायचा, म्हणजे त्यांच्या दातांना जे मिळालं तेच मला मिळेल. मग चौथ्या सिलिंडरचा ठोका शेजारच्या दोघांपेक्षा किती मोठा ते बघायचं. फरक तीन डेसिबलच्या आत असेल तर असल्या धडधडाटात तो कुणालाच कळला नसता. पाचच्या पुढे असेल तर तिथे आवाज होता आणि चांगल्या कानाला तो यायला हवा होता.

"आणि तीन ते पाच?" मामाने विचारलं.

"तर मला सांगता येणार नाही."

"वा! एवढं शिकवलं आणि हिला सांगता येणार नाही!" मामा तोवर शर्टाच्या बाह्या वर करत होता. "दाजी, फार वेळ चालवायचं नाही हं. परत द्यायचंय. तुकडे करून दिलं तर तो गॉगल डोळ्यांवर घेईल."

मामाने तेल फडक्यातून गाळलं. फडक्यावर झिजलेल्या बेअरिंगची पितळी रंगाची बारीक चमक राहिली. ते भरायला वेळ लागला. नरसाळ्यात तेल उतरतच नव्हतं आणि बाबा नरसाळ्याला बोटाने टिचक्या मारत होते, जणू त्याने ते लवकर उतरणार होतं. मी ठिपके पुसून मायक्रोफोन लावायची तयारी केली. चौथ्यापाशी थांबले.

"बाबा, इथे दोन आहेत."

ते वाकले आणि त्यांनी दोन्ही ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"तो मधेच बोलला," ते म्हणाले. "गॉगल. म्हणून परत ठेवलं."

"तो नाही बोलला, दाजी," मामा नरसाळ्यामागून म्हणाला. "कुणीच नाही बोललं. आम्ही श्वास घ्यायलाही घाबरत होतो."

बाबा उभे राहिले. खिळ्यापाशी गेले, दांडकं काढलं, त्याचं टोक पाहिलं, परत लावलं. बाहेर एखादी गाडी वेग कमी करते आहे असं वाटलं की तिघांच्याही माना रस्त्याकडे वळत होत्या. टेम्पो अजून आला नव्हता.

"सुरू करा," ते म्हणाले.

इंजिन सुरू झालं. जाड तेलावर ते परवासारखंच चाललं, गोल, भरीव, एकसारखं. उघड्या कानांना मला काहीच वावगं वाटलं नाही. मामाने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या: बघ, लबाडाने किती छान झाकलंय. हात लावल्यावर ब्लॉक चांगला गरम लागेपर्यंत आम्ही थांबलो. मी तिसऱ्यावरून सुरुवात केली, मग पाचवा, मग चौथा. चौथ्यावर मायक्रोफोन पहिल्या ठिपक्यावर लावून नोंद घेतली. काढला. दुसऱ्या ठिपक्यावर लावला आणि पुन्हा घेतली. मग मी हात वर केला आणि मामाने इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. एक्झॉस्टचा पाइप थंड होताना टिकटिक करत होता.

"पाइप," बाबा म्हणाले. "येतंय मला ते." मग ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. लॅपटॉपवर आकडेमोड चालू होती. त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता.

"मी बोललो ते खोटं होतं," ते म्हणाले. "त्याच्या बोलण्याचं. पहिल्यांदा ठेवलं तेव्हा मला चौथ्यात काहीतरी आलं. अगदी आत. पण डोळ्यांसमोर इंजिन होतं. तेच इंजिन. म्हटलं, परत ठेवून बघू. परत ठेवलं आणि काही नव्हतं. अगदी स्वच्छ. म्हणून मी उचला म्हटलं." त्यांनी चौथ्या सिलिंडरकडे पाहिलं. "ते येत-जात राहणारं असेल. काही आवाज असतात तसे. एका क्षणाला असतात, दुसऱ्याला नसतात."

"असतात तसे," मामा म्हणाला. या वेळी त्याने विनोद केला नाही.

"म्हणून तू दोन्ही ठिकाणी घेतलंस ना? तसा असेल तर दोन आकड्यांत फरक पडेल."

"हो."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मामा दाराकडे गेला आणि ड्रायव्हरला हात दाखवून म्हणाला, "थांब रे, दोन मिनिटं!"

"मग?" बाबांनी विचारलं.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि वाचून दाखवलं. चौथा सिलिंडर, जाड तेल, गरम इंजिन, शेजारच्या दोघांपेक्षा जास्त: पहिल्या ठिपक्यावर सहा पूर्णांक आठ डेसिबल. दुसऱ्या ठिपक्यावर सहा पूर्णांक नऊ.