रबाळ्याच्या शेडमधली पंधरा टनी क्रेन

मी एक जुनी क्रेन आहे. रस्त्यावरून फिरणारी नव्हे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, रबाळ्याच्या एका उंच शेडमध्ये, छपराखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी आडवी पसरलेली आहे. माझ्या पोटाखाली एक आकडा लोंबत असे आणि कडेला चालकाची छोटी केबिन होती. पंधरा टन वजन मी सहज उचलत असे.

मित्रांनो, इथे पाण्याचे मोठमोठे पंप बनत. माझ्या केबिनमध्ये एकोणीस वर्षं एकच माणूस बसला. त्याचं नाव वामन. तो शेजारच्याच गावचा. कारखान्यासाठी त्याच्या वडिलांची जमीन गेली आणि त्याबदल्यात त्याला नोकरी मिळाली. जिथे लोखंडात भोकं कोरणारं बोअरिंगचं अजस्र मशीन बसवलं होतं, तिथे पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं. पहिल्या दिवशी वर चढल्यावर वामनने खाली पाहून बांध कुठून जात होता ते शोधलं. नंतर कधी शोधलं नाही.

खाली उभा राहून त्याला हाताने खुणा करायचा तळोज्याचा अय्युब. मशीनच्या गोंगाटात बोलणं ऐकूच येत नसे. अय्युबने पंजा वर केला की आकडा वर, मूठ मिटली की थांबायचं. जेवणाच्या सुट्टीतही दोघे फारसे बोलत नसत. सवयच मोडली होती. साहेब पाहुण्यांना सांगत, "आमच्या क्रेनने आजवर कुणाच्या नखालाही धक्का लावलेला नाही." ते कौतुक मला माझं वाटायचं. होतं त्या दोघांचं.

१९९३ साली कारखान्याला टाळं लागलं. कामगारांनी फाटकाबाहेर मंडप टाकून धरणं धरलं. मशीन आत आहेत तोवर कारखाना पुन्हा सुरू होईल, एवढीच त्यांची आशा होती. तीन वर्षं गेली. माझ्यावर धुळीचे थर चढले, केबिनमध्ये कबुतरांनी घरटी केली. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, काहीच वाटलं नाही. पडून राहिलेल्या लोखंडाचं बहुतेक असंच होत असावं.

मग कोर्टाचा हुकूम आला आणि मशीन विकली गेली. ती बाहेर काढायला मला चालवणारा माणूस हवा होता. ठेकेदाराने वामनला बोलावलं. मंडपासमोरून तो मान खाली घालून आत आला. कुणी शिवी दिली नाही. लोकांनी फक्त तोंड फिरवलं.

पहिल्याच दिवशी ठेकेदाराच्या नवख्या माणसाने एका लेथ मशीनला साखळी तिरकी बांधली. वरून ते वामनला दिसलं नाही. लेथ हवेत कलंडलं आणि एका मजुराच्या खांद्याला घासून गेलं. वामनने ते हळूहळू खाली टेकवलं, शिडी उतरला आणि सरळ मंडपात गेला. शेडचा दरवाजा सताड उघडा होता, म्हणून मला सगळं दिसलं आणि ऐकूही आलं.

"अय्युब, चल. खाली मानूस मरल."

"मशीन गेली की आपलं संपलं, वामन. आनि ती काडायला मीच हात दाखवू?"

"आपला संपलाच हाय. त्या मजुराचा काय गुना?"

 अय्युब कपडे झटकून उठला. मागून कुणीतरी ओरडलं, "अय्युबभाई, तुमी पन?" त्याने वळून पाहिलं नाही.

नऊ दिवस अय्युबने हात दाखवला, वामनने दांडे ओढले आणि मी एकेक मशीन ट्रेलरवर ठेवलं. कुणालाही खरचटलं नाही. शेवटी बोअरिंगचं मशीन निघालं. वामनची बायको गोजरा डबा घेऊन आली होती. रिकाम्या शेडकडे बघत तिने विचारलं, "कसा वाटतंय?"

"काय नाय वाटत," वामन म्हणाला. आणि जेवायला बसला.

अय्युब उरणला कंटेनरच्या कामावर गेला. १९९९ मध्ये शेडचं ऑफिस झालं; काचा लागल्या, गार हवा आली, खाली कॉम्प्युटर मांडले गेले. मला उतरवायचं तर छप्पर मोडावं लागलं असतं, म्हणून मला तिथेच ठेवून पिवळा रंग दिला. येणारे-जाणारे मान वर करून म्हणतात, किती छान! मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

वामन आता याच इमारतीच्या फाटकावर वॉचमन आहे. परवा इथल्या इंजिनियर नबीला मॅडम त्याला आत घेऊन आल्या. माझ्याबद्दल भिंतीवर फलक लावायचा होता. त्याच्या मजकुरात माझं वजन होतं, साल होतं.

"काका, इथे कोण कोण काम करायचं?" त्यांनी विचारलं.

वामन नावं सांगू लागला. अय्युब, किसन, गोटीराम, कॅन्टीनच्या चांगुणाबाई... मॅडमची जेवणाची सुट्टी संपली तरी नावं संपेनात. मॅडम लिहीत राहिल्या. शेवटी त्यांनी कागदावरून बोट फिरवलं.

"यात तुमचं नाव नाही, काका."

"माजा कशाला? मी तं हितंच हाय."

मॅडमनी वामनचं नाव सर्वांत वर लिहिलं.

मित्रांनो, जुने कारखाने नवे करा, जरूर करा. पण आमच्यासारख्यांना रंग द्यायच्या आधी एक दिवस थांबा. इथे कोण राबत होतं, ते विचारून घ्या. ती माणसं बहुतेक वेळा फार लांब गेलेली नसतात.